रफाएलला लावलेलं बिल

मी आयुष्यात एकाच माणसाला जिवे मारण्याची धमकी दिली आहे, आणि तीही त्याच्याच भाषेत, व्याकरणाची एकही चूक न करता.

हे मी फुशारकी मारायला सांगत नाही. (थोडीशी आहे.) पण चार महिने पहाटे उठून, सकाळच्या फेरफटक्याला आणि आंघोळीच्या वेळीसुद्धा मोबाईलवर स्पॅनिश शिकलेल्या माणसाच्या पदरात एवढं तरी श्रेय पडायला हवं की नाही? त्या शिकवणाऱ्या ॲपनं तर मला "तुम्ही अद्भुत आहात!" असं एकशेबारा वेळा सांगितलं होतं. बायकोनं सदतीस वर्षांत एकदाही नाही.

झालं ते असं. अंबडच्या एका कारखान्यात मी एकतीस वर्षं बिलिंगला होतो. रिटायर झालो, लेक ऋचा नोकरीसाठी पुण्याला गेली, आणि गंगापूर रोडवरच्या आमच्या घराचा वरचा मजला रिकामा पडला. तेव्हा वासंतीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, जेवताना एकदम जाहीर केलं, "वरच्या दोन खोल्या मी पर्यटकांना देणार आहे. घरगुती राहणं, घरगुती जेवण."

"कोण येणार इथं?" मी म्हणालो.

"द्राक्षाचे मळे बघायला जगातून माणसं येतात नाशकात. त्यांना रात्री भूक लागत नसेल?"

वासंती सटाण्याची. तिच्या हातची शेवभाजी, भरीत आणि कळण्याची भाकरी खाऊन माझ्या ऑफिसातल्या तीन साहेबांनी माझी बदली थांबवली होती. पण सदतीस वर्षं तिनं रांधलं ते माझी आई, माझे भाऊ, माझे साहेब यांच्यासाठी. आता पहिल्यांदा माणसं तिच्या नावावर तिच्या हातचं जेवायला येणार होती. ऋचानं वेबसाइटवर सगळी माहिती टाकून दिली आणि आईला फोनवर बजावलं, "या हंगामात चाललं तर चाललं. नाही तर कॉलेजच्या मुलींना भाड्यानं देऊ, कटकट नको." वासंती "बरं" म्हणाली, पण तिचा चेहरा मी पाहिला. ती मनात म्हणत होती, चालणारच!

आणि पहिलंच बुकिंग आलं ते थेट स्पेनचं! रफाएल आणि पिलार. साठीतलं जोडपं, पाच रात्री. तो स्वतः तिकडे द्राक्षं लावतो, म्हणून इथली द्राक्षं बघायला येणार. वासंतीनं नवे पडदे शिवायला टाकले आणि मी त्याच दिवशी स्पॅनिश सुरू केलं.

"बाबा, फोनमध्ये भाषांतर होतं की," ऋचा म्हणाली.

"फोननंच बोलायचं तर माणसानं तोंड कशाला ठेवायचं?" असं मी ठणकावलं. (हे वाक्य पुढे मला बरेच दिवस ऐकवलं गेलं.)

आता मुद्दा पैशांचा. खोलीचं भाडं आणि सकाळचा नाश्ता वेबसाइटवर आगाऊ जमा झालेला. पण दोन वेळचं जेवण आणि फिरायची गाडी वेगळी. ते मागणार कोण?

"मी नाही बाई," वासंती म्हणाली. "ताटावर बसलेल्या माणसाकडे पैसे मागायचे? माझी जीभ नाही उचलायची."

"माझी उचलेल!" मी म्हणालो. "एकतीस वर्षं दुसरं केलंय काय मी?"

मी शब्दकोश उघडला. आपल्याकडे सगळं सोपं असतं. मोबाईल चार्ज करा, हॉटेलवाला चार्ज करतो, नव्या साहेबांनी चार्ज घेतला, पोलिसांनी लाठीचार्ज केला. एक शब्द, सगळीकडे चालतो. स्पॅनिशमध्ये मात्र 'चार्ज' करायला क्रियापदांची ही लांबलचक रांग! कोब्रार, कार्गार, फाक्तुरार, आणखी दोनचार. मी बिलिंगच्या शिस्तीनं तक्ता केला. 'कोब्रार' पहिल्याच झटक्यात बाद. पाहुण्यांसमोर नागाचं नाव घ्यायचं? 'कार्गार' बरा वाटला, कारण कानाला चार्जसारखा लागत होता, पण त्याच्यापुढे 'ट्रक भरणे' असंही लिहिलं होतं. उरलं 'फाक्तुरार'. अर्थ: बिल करणे. अरे, हा तर माझाच शब्द! एकतीस वर्षं मी फाक्तुरारच करत होतो आणि कुणी मला सांगितलंसुद्धा नाही.

सोमवारी पाहुणे आले. रफाएल उंचापुरा, पांढऱ्या मिशांचा, आणि पिलार एवढीशी, चुळबुळी. गाडीतून उतरल्या उतरल्या पिलार चपला काढून सरळ स्वयंपाकघरात गेली आणि वासंतीच्या शेजारी उभी राहून वांगं भाजायला लागली. वासंती मराठीत बोलत होती, ती स्पॅनिशमध्ये, आणि दोघींचं अगदी व्यवस्थित चाललं होतं. मला जरा रागच आला. चार महिने अभ्यास मी केला होता!

जेवण झालं. रफाएलनं चार भाकऱ्या हाणल्या, डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, तरी "मास, मास!" म्हणजे "अजून, अजून!" वासंती नुसती उजळली होती. मी घसा खाकरला, उभा राहिलो आणि म्हणालो, "देस्पुएस वोय आ फाक्तुरार ला कोमीदा." म्हणजे, नंतर मी जेवणाचं बिल करीन.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. पिलारनं दोन्ही हात पसरून विमान करून दाखवलं आणि प्रश्नार्थक मान हलवली. मला वाटलं, 'विमान पकडायच्या आधी देऊ का?' असं विचारते आहे.

"सी, सी!" मी म्हणालो. हो, हो!

पिलार उठली, आणि तिनं वासंतीला घट्ट मिठी मारली. रफाएलनं छातीवर हात ठेवून मला लवून नमस्कार केला.

"काय सांगितलंत हो?" वासंतीनं पिलारच्या खांद्यावरून विचारलं.

"जेवणाचं बिल लावणार म्हणालो."

"मग ही मला मिठी का मारते आहे?"

"तिकडे बिलाची आवड असेल."

(खरा प्रकार पुढे कळला. विमानतळावर सामान आत पाठवतात ना, त्यालाही 'फाक्तुरार'च म्हणतात! त्यांना वाटलं, मी त्यांच्यासाठी शेवभाजी बांधून विमानात चढवणार आहे.)

दोन दिवस मजेत गेले. मी त्यांना मळ्यांमध्ये फिरवलं. रफाएल प्रत्येक वेलीशी थांबून तिची चौकशी करायचा आणि शेतकरी मला विचारायचे, "काय म्हनतो हा बाबा?" मी छातीठोक भाषांतर करून सांगायचो. ("लय गोड हाय म्हनतो.") आमची चांगलीच गट्टी जमली. मग मी 'तुम्ही' सोडून 'तू'वर आलो. स्पॅनिशमध्ये ही मैत्रीची खूण असते. पण मनात एक टोचणी होती. पहिल्या दिवशी बिलाचं बोललो, त्यावर मिठी मिळाली, पैशांचं मात्र अक्षर नाही. म्हणजे शब्द कुठेतरी चुकला होता. पुन्हा तक्ता काढला. पुस्तकात स्वच्छ लिहिलं होतं की दुकानात, हॉटेलात पैसे घ्यायचे तर रोजच्या बोलण्यातला शब्द 'कोब्रार'. नाग तर नाग!

बुधवारी दुपारी वासंतीनं खापरावरचे मांडे केले. आता मांडा म्हणजे चादरीएवढी पातळ पुरणपोळी, ती हातावर फिरवत मोठी करायची. पिलारनं त्याचा व्हिडिओ काढला, स्वतः करायला गेली आणि मांडा कोपरात अडकला. सगळे हसतायत, रफाएल तिसरा मांडा तुपात बुडवतोय, वातावरण एकदम मोकळं. मी म्हटलं, हीच वेळ! खेळीमेळीत होऊन जाऊ दे. मी त्याच्या नाकासमोर बोट नाचवून हसत हसत म्हणालो, "रफाएल! वास आ कोब्रार!"

माझ्या हिशेबानं याचा अर्थ होता, 'रफाएल, तुला पैसे लागतील हं!'

रफाएलचा घास हातातच राहिला. तो आधी हसला, मग माझ्या तोंडाकडे पाहून हसू आवरलं. "यो?" म्हणाला. मी?

"सी, तू!" मी त्याच्या ताटाकडे बोट केलं, तीन बोटं दाखवली, तिन्ही मांडे मोजले आणि पुन्हा म्हणालो, "वास आ कोब्रार!"

त्यानं तो मांडा हळूच परत ठेवला. ताट पुढे सारलं. "ग्रासियास," म्हणाला आणि हात धुवायला गेला.

आणि त्या क्षणापासून रफाएलनं जेवणं सोडलं! रात्री एक भाकरी. गुरुवारी सकाळी अर्धा पोहा. वासंती वाढायला आली की तो आधी माझ्याकडे बघायचा आणि दोन्ही हातांनी ताट झाकायचा.

"माझं काहीतरी चुकतंय," वासंती म्हणाली. ती स्वयंपाकघरात भाकऱ्यांचा भरलेला डबा हातात घेऊन उभी होती. "तिखट झालं असेल. पहिल्या दिवशी बिचारा भिडेखातर जेवला. आता नाही झेपत त्याला."

"तसं नसेल गं."

"मग कसं आहे?"

गुरुवारी दुपारी तिनं शेवभाजी केली ती मिरचीशिवाय. सटाण्याच्या बाईनं मिरचीशिवाय शेवभाजी! ती पांढरट भाजी कढईत पाहून मलाच भरून आलं. रफाएलनं त्यातली दोन चमचे खाल्ली. वासंतीनं ऋचाला फोन लावला आणि खालच्या आवाजात म्हणाली, "त्या कॉलेजच्या मुलींचं काय म्हणत होतीस गं तू?"

मी हादरलो. त्याच बैठकीला मी कारण शोधून काढलं. (एकतीस वर्षं गिऱ्हाइकं हाताळली आहेत!) रफाएलला कळलंय की जेवणाचे पैसे आहेत, पण किती ते कळलेलं नाही, म्हणून तो बिचारा धास्तीनं जेवत नाही. एकदा आकडा सांगितला की पोटभर जेवेल! मी बसलो, पाच दिवसांचं बिल बनवलं. वर मोठ्या अक्षरांत 'फाक्तुरा', खाली एकेक रकान्यात जेवण, गाडी, चहा, शेवटी बेरीज, त्याखाली दोन रेघा. बिल असं देखणं झालं की मी त्याच्याकडे दोन मिनिटं नुसता बघत बसलो. आता ते द्यायचं कुणाला? रफाएल माझ्यापासून लांब लांब राहत होता. पण घरातला पैसा कुणाच्या हातात असतो, हे मला कुणी शिकवायला नको. पिलारशी बोलायचं! आणि शब्द? फाक्तुरार झाला, कोब्रार झाला. उरला कार्गार. त्यात मी स्वतःच्या बुद्धीनं एक सुधारणाही केली. 'मे' म्हणजे मला. पैसे मला द्यायचे आहेत, तेव्हा वाक्यात 'मे' हवाच.

शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमारास वासंतीनं मला नारळ फोडायला मागच्या अंगणात पाठवलं. मी कोयता घेऊन बसलो होतो, तेवढ्यात पिलार जास्वंदीचे फोटो काढायला खाली आली. एकटीच. मी म्हटलं, देवच पावला! उठलो, कपड्यांवरचा नारळाचा काथ्या झटकला आणि शक्य तितक्या अदबीनं म्हणालो, "सेन्योरा, मान्याना मे वोय आ कार्गार आ सु मारीदो."

म्हणजे, 'बाईसाहेब, उद्या मी तुमच्या यजमानांना चार्ज करणार आहे.'

पिलारचा फोन हातातून सुटता सुटता राहिला. "के?" काय?

उच्चार चुकला असेल म्हणून मी सावकाश, एकेक अक्षर सुटं करून पुन्हा म्हणालो. 'सु मारीदो'ला, म्हणजे 'तुमचे यजमान'ला, कोयत्यानं वरच्या खोलीकडे दाखवलंसुद्धा. तिला बोजा वाटू नये म्हणून पुढे जोडलं, "नो एस मूचो." फार काही नाही. "आकी एस नोर्माल." इथं हे नेहमीचंच आहे.

"पोर के?" तिनं विचारलं. कशासाठी? आवाज अगदी खोल गेला होता.

"पोर ला सेना," मी म्हणालो. जेवणासाठी.

ती भिंतीला टेकली. "मान्याना?" उद्या?

आता बिलाच्या बाबतीत माझा अनुभव असा की जितकं लवकर उरकेल तितकं बरं. मी तोंडभर हसून म्हणालो, "मेहोर ओय!" आज झालं तर उत्तमच!

पिलार वर धावली. खोलीचं दार लागलं. कडीही लागली. मी नारळ फोडला. दोन समान भकलं झाली. मी स्वतःवर इतका खूश होतो की पहिल्यांदा एक तुकडा देवाआधी मीच खाल्ला.

दहा मिनिटांनी मला बाहेरच्या जिन्यावर पावलं ऐकू आली. पाहतो तर रफाएल! खांद्यावर मोठी बॅग, हातात बूट, मोजे घातलेल्या पायांनी चोरासारखा उतरतोय, आणि त्याच्यामागे पिलार दुसरी बॅग कवटाळून. फाटकाबाहेर रिक्षा उभी.

हे बिल न देता चालले! माझ्या डोळ्यांसमोर अंधारी आली. आयुष्यात माझं एक बिल बुडालं नव्हतं! मी घरात धावलो, टेबलावरचं बिल उचललं आणि रस्त्यावर आलो. "रफाएल! उन मोमेंतो!" एक मिनिट! माझ्या डाव्या हातात बिल होतं. उजव्या हातात कोयता तसाच होता, हे माझ्या लक्षात आलं नाही, पण रफाएलच्या लक्षात आलं. त्यानं पिलारला रिक्षात अक्षरशः फेकलं, स्वतः उडी मारली आणि ओरडला, "वामोस! वामोस!" (चला, चला! हे रिक्षावाल्याला भाषा न येताही कळलं.)

समोरच्या घरातले गायधनी गुरुजी घाटावरची पूजा आटोपून स्कूटर लावत होते.

"अहो, काय झालं?" ते ओरडले.

"पळाले! पाहुणे पळाले!"

"पळतील नाहीतर काय करतील? आधी तो कोयता खाली ठेवा!"

मी कोयत्याकडे पाहिलं. "हा? हा नारळाचा आहे!"

"ते त्यांना ठाऊक आहे का?" गुरुजींनी तो माझ्या हातातून काढून घेतला आणि पूजेच्या पिशवीत टाकला.

तेवढ्यात वासंती बाहेर आली. तिनं उघडं फाटक पाहिलं, लांब जाणारी रिक्षा पाहिली, आणि काही न विचारता गुरुजींच्या हातातली किल्ली घेऊन त्यांच्याच स्कूटरवर बसली. "बसा मागे!" ती मला म्हणाली. वासंतीनं गेल्या सहा वर्षांत स्कूटरला हात लावला नव्हता. त्या दिवशी तिनं कॉलनीतले चार स्पीडब्रेकर अशा वेगानं घेतले की चौथ्याला मी आणि सीट यांचा काही संबंध उरला नाही.

कोपऱ्यावरच्या सिग्नलला रिक्षा लाल दिव्यात सापडली. वासंतीनं स्कूटर सरळ तिच्या पुढ्यात आडवी घातली.

"ओ बाई, सरका!" रिक्षावाला ओरडला.

वासंती रागावली की तिची सटाण्याची अहिराणी बाहेर येते. "त्या मन्हा पाव्हना शेतस!" ती गरजली. ते माझे पाहुणे आहेत!

रिक्षावाल्याचा चेहराच बदलला. "आक्का, तुम्ही आपल्याकडच्या का?" त्यानं रिक्षा बंद केली, खाली उतरला आणि हात बांधून उभा राहिला. गावची बाई म्हटल्यावर त्याचा प्रश्नच मिटला.

रफाएल छातीशी बॅग धरून आतल्या कोपऱ्यात बसला होता. वासंती पिलारजवळ गेली, तिचा हात हातात घेतला आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणीच वाहायला लागलं. "जेवण आवडलं नाही म्हणून निघालात का हो? एकदा सांगायचं होतं! मी बदललं असतं!"

पिलारला शब्द कळले नाहीत, पण ती गोंधळली. तिनं फोन वासंतीच्या तोंडापुढे धरला. वासंती पुन्हा तेच बोलली. फोन स्पॅनिशमध्ये बोलला. पिलारनं जोरजोरात मान हलवली, "नो, नो, नो!", आणि फोनमध्ये भराभर काहीतरी सांगितलं. मग त्या फोनमधली बाई, बातम्या देतात तशा शांत, शुद्ध मराठीत, भर चौकात मोठ्यांदा म्हणाली:

"जेवण उत्कृष्ट आहे. परंतु जेवल्याबद्दल तुमचे पती आज रफाएलला ठार मारणार आहेत. ते म्हणाले, इथे हे नेहमीचे आहे."

सिग्नल हिरवा झाला. एक गाडी हलली नाही. शेजारच्या मोटारसायकलवाल्यानं हेल्मेट काढून माझ्याकडे निरखून पाहिलं. रिक्षावाला दोन पावलं मागे सरकला.

वासंती वळली. "अहो," ती म्हणाली, "हाई काय शे?"

"बिल!" मी ओरडलो. "बिल लावत होतो गं मी!" आणि हातातला कागद रिक्षात खुपसला. "फाक्तुरा! फाक्तुरा!"

रफाएलनं तो कागद दोन बोटांनी धरला. वर वाचलं, 'फाक्तुरा'. खाली वाचलं, जेवणं अमुक, गाडी अमुक, चहा अमुक. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा कागदाकडे. "कोब्रार?" त्यानं पैसे मोजायची खूण करत विचारलं.

"सी! सी! कोब्रार! कार्गार! फाक्तुरार! तोदो!" सगळं!

आधी त्याच्या मिशा हलल्या. मग खांदे. मग तो माणूस असा हसायला लागला की रिक्षा हलायला लागली. पिलारनं कपाळावर हात मारला आणि तीही सुटली. ती वासंतीच्या गळ्यात पडून हसत होती की रडत होती, ते त्या दोघींनाच ठाऊक. मागून बसवाल्यानं हॉर्नवर हातच ठेवला, तेव्हा कुठे आम्ही भानावर आलो. रिक्षावाल्यानं रिक्षा वळवून सगळ्यांना घरी आणलं आणि भाडं घ्यायला साफ नकार दिला. (त्याच्यावर मी कुठलंही क्रियापद वापरलं नव्हतं.)

त्या दुपारी वासंतीनं मिरचीची शेवभाजी केली. रफाएल पाच भाकऱ्या जेवला आणि जेवता जेवता बिलाच्या मागच्या बाजूला मला धडा देत राहिला. पैसे घेणारा असतो तो कोब्रार करतो. म्हणजे मी म्हणायला हवं होतं, 'मी तुझ्याकडून कोब्रार करीन'. मी त्याला म्हणालो होतो, 'तू कोब्रार करशील', आणि मित्राला बोट नाचवून असं म्हटलं की त्यांच्याकडे त्याचा अर्थ होतो, 'आता मार खाशील!' आपण नाही का म्हणत, 'थांब, तुला प्रसाद देतो', तसं. वर मी तीन मांडे मोजून दाखवले होते! कार्गार म्हणजे सामान लादणं, फोन चार्ज करणं. इथवर ठीक. पण त्याला माझ्यासारखा 'मे' जोडला आणि पुढे माणसाचं नाव घेतलं, की त्या माणसाचा निकाल लावणं.

"एका 'मे'नं एवढं?" मी विचारलं.

रफाएलनं गळ्यावरून बोट फिरवून मान डोलावली आणि सहाव्या भाकरीला हात घातला.

वासंती दारात उभी राहून त्याच्या ताटाकडे बघत होती. संध्याकाळी तिनं ऋचाला फोन केला, "मुलींना नाही म्हणून सांग." कारण विचारलं तर म्हणाली, "खोल्या रिकाम्या नसतात आपल्या." (त्या वेळी पुढचं एकही बुकिंग नव्हतं.) पण शनिवारी जायच्या आधी पिलारनं वेबसाइटवर अभिप्राय लिहिला: "नाशिकमधलं सगळ्यात प्रेमळ घर. वासंतीचं जेवण मरणाच्या भीतीतसुद्धा खावंसं वाटतं. तिचे यजमान मनानं फार चांगले आहेत, त्यांच्याशी फक्त बोलू नये." तेव्हापासून आमच्या खोल्या खरोखरच रिकाम्या नसतात. दर महिन्याला कुणीतरी येतं आणि मला पाहून आधी हसतं.

आता एकच सांगायचं राहिलं. ते लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण वासंती म्हणाली, "लिहा, नाहीतर मी सांगेन." निघायच्या आधी रफाएलनं पैसे देण्यासाठी बिल उलटून सुलट केलं, खिशातून पेन काढलं, एकेक आकड्यावर टेकवत खालपर्यंत आला, थांबला, पुन्हा वर गेला. मग फार संकोचून त्यानं फोन माझ्यासमोर धरला. त्यातली ती शांत बाई म्हणाली, "माफ करा. बेरीज चुकली आहे. तुम्ही नऊशे रुपये कमी लावले आहेत."

क्रियापदं स्पेनची होती हो, समजू शकतो. बेरीज अंबडची होती!